गाळणी नवी, पातेलं जुनं: परदेशातल्या ग्लुटेनमुक्त स्वयंपाकाचं एक प्रकरण

सेलिॲक, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार, असलेली एक विद्यार्थिनी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी परदेशी गेली. घरी तीन वर्षं तिचं पथ्य काटेकोर होतं, रक्तातली टीटीजी अँटिबॉडीची (पोटात ग्लुटेन जात राहिलं की ही वाढते) पातळी नॉर्मलला आलेली होती. तिकडे गेल्यावर सहाव्या आठवड्यात पोट बिघडलं, तोंड आलं, दुपारी दोनलाच डोळे मिटायला लागले. खाण्यात चुकीचा एकही पदार्थ सापडेना. भांड्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे तर पहिल्या दहा दिवसांतच संपले होते, आणि घरून नेलेली दोन मोठी उपकरणं खोलीत नुसती पडून होती.

मी आहारतज्ज्ञ नाही. गेली बारा वर्षं स्वतः ग्लुटेनशिवाय जगते आहे आणि नव्याने निदान झालेल्यांशी बोलत असते, एवढंच. तिच्या आईकडून तिला माझा नंबर मिळाला. पुढचे आठ महिने आम्ही व्हिडिओ कॉलवर भांडी बघत होतो, असं म्हटलं तरी चालेल. तिचं नाव आणि देशाचं नाव इथे गाळलं आहे. २३० व्होल्टच्या देशातून ती १२० व्होल्टच्या देशात गेली, एवढं कळलं तरी पुरे.

काय घेऊन गेली

विमानात तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्यात तिने दोन जड वस्तू कोंबल्या होत्या: सातशे वॉटचा विजेचा राईस कुकर आणि तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर. हिशेब वरवर बरोबर होता. कुकर आपला, त्याला कधी गहू लागलेला नाही, शिवाय तिकडे नवा घ्यायला नको.

राईस कुकर पहिल्याच रात्री फसला. पिनचा आकार बदलणारा ॲडॉप्टर लावला, दिवा लागला, पण तासाभराने बघते तर तांदूळ कोमट पाण्यात फुगून बसलेले. कुकर बिघडला असं तिला वाटलं. तो बिघडला नव्हता. ॲडॉप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता पाव होते. २३० व्होल्टला ७०० वॉट देणारी तार १२० व्होल्टला जेमतेम १९० वॉट देते. लिटरभर पाणी उकळायला ७०० वॉटला आठ-नऊ मिनिटं लागतात. १९० वॉटला तेच काम, काहीही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, अर्धा तास खातं; आणि प्रत्यक्षात भांड्याच्या अंगातून सतत उष्णता जात असते. उलट्या दिशेने जाणाऱ्याची गत आणखी वाईट. १२० व्होल्टचा ७०० वॉटचा कुकर २३० व्होल्टला लावला तर तो अडीच हजार वॉट खेचायला बघतो, म्हणजे फ्यूज तरी उडतो किंवा कुकर तरी जळतो.

वस्तूच्या तळाशी चिकटवलेली पट्टी वाचली असती तर हे घरीच कळलं असतं. लॅपटॉपच्या चार्जरवर "१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असं असतं, तो जगात कुठेही चालतो. स्वयंपाकाच्या उपकरणांवर बहुतेक वेळा एकच आकडा असतो. अमेरिका-कॅनडात १२०, जपानात १००, युरोपात २३०: आपल्या वस्तूवरचा आकडा जाण्याच्या जागी जुळत नसेल तर ती घरीच राहू द्यावी. तिला मध्येच कोणीतरी ट्रान्सफॉर्मर सुचवला. सातशे वॉटच्या तारेसाठी हजाराच्या आसपास क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला असता, आणि वजनाला काही किलो असलेला तो ठोकळा तिकडच्या नव्या राईस कुकरहून महाग पडला असता.

प्रेशर कुकरची गोष्ट वेगळी. त्याला वीज लागत नाही, पण खाली शेगडी इंडक्शनची निघाली. इंडक्शन शेगडी भांड्याच्या तळात चुंबकीय क्षेत्राने उष्णता निर्माण करते, त्यासाठी तळ लोहचुंबक धरणारा हवा. ॲल्युमिनियम ठेवलं की शेगडी भांडं नाहीच असं समजून बंद होते. मग तिने इंडक्शनवर ठेवायची लोखंडी चकती घेतली. चकती तापायची, तिच्यावरून कुकर तापायचा, मधल्या फटीत उष्णता हरवायची, आणि शिट्टी यायच्या सुमारास चकतीच्या उष्णतेने शेगडी स्वतःला वाचवायला बंद पडायची. पैसे गेले. दुकानातला सगळ्यात स्वस्त तीन भांड्यांचा नॉनस्टिक संचही तिने त्याच फेरीत घेतला.

पहिल्या दहा दिवसांचा खर्च: ॲडॉप्टर, चकती आणि नॉनस्टिक संच मिळून साधारण दोन आठवड्यांच्या किराण्याइतका. हाती आलं काय, तर तीन पातळ भांडी. बाकी सगळं, म्हणजे गाळणी, पळी, विळीच्या जागी असणारी चिरायची फळी, स्पंज, वसतिगृहातल्या इतर तिघींबरोबर सामायिक.

सहावा आठवडा

तिने फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, इथल्या तांदळात काही असेल का?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. पाकिटाकडे बघायची आपल्याला सवय लागलेली असते. तिने सगळी पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरली. सगळी ठीक होती.

मग मी तिला म्हटलं, "अगं, आज जेवण कसं केलंस ते हातात फोन धरून मला परत करून दाखव." पदार्थ बाजूला ठेवून फक्त हात कुठे कुठे जातो ते बघायचं होतं. तिने ग्लुटेनमुक्त पास्ता उकळला, गाळणीत ओतला, स्पंजने पातेलं विसळलं, लाकडी पळीने भाजी हलवली. त्या दहा मिनिटांत तिचा हात सामायिक वस्तूंना पाच वेळा लागला.

"गाळणी तर रोज धुतात ताई. स्वच्छ दिसते."

"टॉर्च लाव आणि कडेला बघ. जिथे जाळी पत्र्यात शिरते तिथे."

गाळणी बारीक जाळीची होती. मधला भाग चकचकीत. जाळीचं टोक जिथे गोल कड्याच्या घडीत दाबून बसवलेलं असतं, तिथे मात्र पिवळसर पांढरी रेघ गेली होती, वाळलेल्या खळीसारखी. तिने टाचणी घालून उकरलं तर करड्या रंगाची पापडी सुटून बोटावर आली. तिघी मैत्रिणी आठवड्यातून चार वेळा गव्हाचा पास्ता त्याच गाळणीत गाळत होत्या.

ती लगेच म्हणाली, "उकळत्या पाण्यात टाकू का?" ग्लुटेन जंतू नाही, प्रथिन आहे. जंतू उकळल्याने मरतात. हे मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नसतं. पाव दोनशे अंशांवर भाजूनसुद्धा त्यातलं ग्लुटेन शाबूत राहतं, तर उकळत्या पाण्याने गाळणीतल्या खळीचं काय होणार? सॅनिटायझरचंही तेच. ग्लुटेन साबण लावून, घासून, वाहत्या पाण्याने अंगावरून काढूनच टाकावं लागतं. जिथे घासणी पोचत नाही तिथून ते निघत नाही. या सबंध प्रकरणातला माझा मुद्दा एवढाच आहे, आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

किती ग्लुटेन पुरेसं होतं याचाही अंदाज असावा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने २००८ साली "ग्लुटेनमुक्त" शब्दासाठी किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. २००७ मध्ये इटालियन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सेलिॲक असलेल्या काही जणांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेव्हा त्यांच्या आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. गव्हाच्या पावाच्या एका कापात ढोबळमानाने दोन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे ५० मिलिग्रॅमला त्या कापाचा चाळिसावा भाग पुरतो, ताटाच्या कडेला राहिलेले चार चुरे. टाचणीच्या टोकाने निघालेली ती पापडी एकदाच पोटात गेली असती तर कदाचित निभावलं असतं. रोजची पापडी वेगळी.

तिच्या नॉनस्टिक संचातल्या तव्यावर तोवर एका मैत्रिणीने मैद्याचे पॅनकेक केले होते, लोखंडी उलथन्याने. तव्यावर ओरखडे उठले होते. मैत्रिणीचा दोष म्हणावा तर तसाही नाही, तवा ओट्यावर पडला होता आणि त्यावर कोणाचं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं ते याचं, की नवं घेतलं म्हणजे सुरक्षित झालं, असं समजून तिने त्यात पैसे घातले होते. सामायिक स्वयंपाकघरात नवी वस्तू फार दिवस नवी राहत नाही.

जुनं कशात चालतं

तिच्या पहिल्या यादीत स्वस्त आणि महाग असे दोन रकाने होते. ते खोडून आम्ही तिसराच प्रश्न विचारायला लागलो: या वस्तूच्या प्रत्येक जागी घासणी पोचते का? पोचत असेल तर जुनी, वापरलेली, फुकटातली वस्तूही चालेल. पोचत नसेल तर ती नवीच हवी आणि फक्त आपल्या हातातली हवी.

या चाळणीतून बघितलं तर यादी आपोआप फिरते. स्टीलचं जाड पातेलं, काचेचं भाजायचं भांडं, स्टीलची ताटं-वाट्या, एकसंध धातूचा डाव, ज्या सुरीची मूठ पात्यासकट एकाच तुकड्याची आहे अशी सुरी: हे सगळं जुनं चालतं. आणि योगायोग असा, की नवं घ्यायला हेच सगळ्यात महाग असतं. गाळणी, चिरायची फळी, पळ्या-उलथनी, स्पंज हे नवं हवं, आणि ते मुळातच स्वस्त असतं. तिने नेमकं उलटं केलं होतं. भांडी नवी घेतली, गाळणी आणि स्पंज मात्र इतरांचे वापरले. बहुतेक जण असंच करतात, कारण आपलं लक्ष मोठ्या वस्तूंकडे जातं.

स्पंजबद्दल थोडं जास्त सांगते, कारण उपकरणांच्या यादीत तो कोणी धरतच नाही. कणीक किंवा मैद्याचं ओलं पीठ लागलेलं भांडं घासलं की पीठ स्पंजच्या भोकांत शिरतं, आणि पुढचं भांडं त्याच स्पंजने "धुतलं" जातं. वेगळा स्पंज घेताना रंगही असा घ्यावा जो त्या ओट्यावर दुसऱ्या कोणाचाच नाही. तिने जांभळा घेतला आणि तो ओट्यावर न ठेवता खोलीत नेऊन ठेवायला लागली. हास्यास्पद वाटतं. मीही घरी पाहुणे येणार असले की तेच करते.

लाकडाचं काय, हा वाद नेहमीचा. लाकडाला छिद्रं असतात, सांधे असतात, वापरून चिरा पडतात. जुनी लाकडी पळी आणि जुनं लाटणं मी घेऊ देत नाही. जुना टोस्टर, वाफलचा साचा, पाव करायचं मशीन यांची नावंच काढायची नाहीत. मिक्सरच्या भांड्याचं पातं जिथे फिरतं त्याखालचा रबर आणि बेअरिंग उघडून बघा, मग जुना मिक्सर का नको ते वेगळं सांगावं लागणार नाही. बिडाच्या तव्याबाबत मी जरा कडक आहे. त्याच्यावरचा काळा थर म्हणजे वर्षानुवर्षं तापून घट्ट झालेलं तेल. त्यात आधीच्या मालकाने काय काय भाजलं ते अडकलेलं असू शकतं. थर पार उतरवून तवा नव्याने तेल पाजून तयार करता येतो, पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला मी ते करायला सांगणार नाही.

दुकानात, फोनवर

पुढच्या शनिवारी ती जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली. खिशात फ्रीजवर लावायचं एक चुंबक, घरून निघताना काढून घेतलेलं. मी फोनवर.

चुंबकाची गंमत अशी की स्टील म्हटलं की ते चिकटेलच असं नाही. निकेलचं प्रमाण जास्त असलेलं चांगलं स्टील, ज्याच्यावर अठरा-दहा किंवा अठरा-आठ असा शिक्का असतो, ते चुंबकाला फारसं धरत नाही. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या तळाला चुंबक धरणाऱ्या स्टीलचा वेगळा थर दिलेला असतो. म्हणून चुंबक भांड्याच्या अंगाला लावून उपयोग नाही, तळाला लावायचं, तेही मधोमध. पहिली दोन पातेली चकचकीत होती, चुंबक घसरून खाली पडलं. तिसऱ्याला टक् करून बसलं.

"ताई, हे धरतंय. पण दिसायला भयंकर आहे."

बाहेरून करपून काळं झालेलं होतं. ते बाहेरचं मला नको होतं. मी तिला तीन जागा बघायला सांगितल्या. एक, आतल्या बाजूला मुठीचे खिळे. खिळ्याच्या टोपीभोवती तपकिरी कडं साचलेलं असतं, ते नखाने निघतं का? निघालं नाही तरी घरी टोकदार काडीने आणि खाण्याच्या सोड्याने काढता येईल इतपत उघडं आहे का? दोन, काठ. काही भांड्यांचा काठ बाहेर वळवून पोकळ गुंडाळी केलेली असते आणि तिचं तोंड नीट बंद नसतं. पाणी आत जातं, पिठाचं पाणीही जातं. तीन, मूठ पोकळ आहे का. तिने पातेलं कानाजवळ धरून हलवलं. आत काही खुळखुळलं नाही. शेजारच्या एका सुंदर पातेल्याच्या मुठीतून मात्र पाण्याचा आवाज आला, तिने तो मलाही ऐकवला. ते परत ठेवलं.

त्या दिवशी मिळालं ते असं: काळं पडलेलं चार लिटरचं स्टीलचं पातेलं, त्याला जवळपास बसणारं दुसऱ्याच भांड्याचं काचेचं झाकण, चौकोनी काचेचं भांडं, स्टीलच्या तीन वाट्या आणि एक डाव. एक रंगीत नक्षीचा जुना चिनी मातीचा वाडगा तिला फार आवडला होता. जुन्या चकाकीत आणि रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, म्हणून मी तो फुलं ठेवायला घे म्हटलं. तिने घेतला नाही, आणि दोन दिवस माझ्याशी जरा तुटक बोलली.

नवीन घेतलं: पत्र्याला भोकं पाडलेली स्टीलची गाळणी (जाळीची नाही, म्हणजे टोकं घडीत दाबायचा प्रश्नच नाही), प्लास्टिकची एक फळी, एकाच तुकड्यात ओतलेली सिलिकॉनची दोन उलथनी आणि स्पंज. हे सगळं मिळून अर्ध्या आठवड्याच्या किराण्याहून थोडंसं जास्त झालं.

पातेल्याचा काळा थर तिने खायचा सोडा आणि गरम पाणी रात्रभर ठेवून, मग घासून बराचसा काढला. खिळ्यांभोवती तिने दात कोरायच्या काडीने एवढं घासलं की दुसऱ्या दिवशी अंगठा दुखत होता. शेवटी मी मुद्दाम टॉर्च मारून दाखवायला लावलं. नव्यासारखं दिसत नव्हतं, पण हवं होतं तसं झालं होतं.

कुकर

पातेलं आलं तरी संध्याकाळी सात वाजता चौघींना एकच शेगडी हा प्रश्न उरलाच. आणि वेळ झाला नाही की माणूस बाहेर खातं, बाहेर खाल्लं की पथ्य दुसऱ्याच्या हातात जातं. म्हणून मी विजेच्या प्रेशर कुकरवर अडून बसले. तिला तो चैनीचा वाटत होता.

आतलं भांडं स्टीलचं आणि बाहेर काढता येणारं, व्होल्टेज तिथलंच, शेगडीची गरज नाही. साधारण हजार वॉटचा कुकर १२० व्होल्टला आठ-सव्वाआठ ॲम्पियर घेतो, खोलीतल्या साध्या पॉइंटला ते झेपतं. त्याच वेळी केटल मात्र त्याच पॉइंटवर लावायची नाही. वापरलेला घ्यायला हरकत काय असेल तर ती झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगची आणि वाफ सुटण्याच्या झडपेची. रिंग वास धरते, खाचेत अन्न धरते. पण रिंग बदलता येते, आणि बाजारात ती कुकरच्या किमतीच्या मानाने चिल्लर असते. झडप निघते आणि धुता येते. जुन्या साध्या प्रेशर कुकरला मी एवढी सहज हो म्हणत नाही, कारण परक्या देशात त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा जोड सापडेलच असं नाही, आणि व्हॉल्व्हशी खेळ नको.

तो तिला लगेच मिळाला नाही. ती पोचली होती सत्राच्या सुरुवातीला, जेव्हा सगळेच घर मांडत असतात आणि जुन्या वस्तूंचे भाव चढलेले असतात. सत्र संपताना उलट होतं. लोक विमान पकडायच्या घाईत असतात आणि चांगल्या वस्तू दारात ठेवून जातात. तोवर तिने पातेल्यावर दिवस काढले, रविवारी चार दिवसांचं शिजवून डब्यांत भरून. डिसेंबरात शिक्षण संपवून निघालेल्या एका मुलाकडून कुकर मिळाला. तिने त्याला आधी विचारलं, "यात काय काय शिजवायचास?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की पास्ताही शिजवलाय. तरी घेतला. भांडं घासलं, रिंग नवी मागवली, झडप उकलून ब्रशने धुतली, झाकणाच्या आतली जाळीची टोपी काढून तिच्याखालचं धुतलं. ती टोपी निघते हे त्या मुलाला दोन वर्षांत कळलं नव्हतं. कुकर आणि रिंग मिळून एका आठवड्याच्या किराण्याच्या आत बसलं.

म्हणजे दुसरी फेरी सगळी मिळून दीड आठवड्याची. पहिली दोनची होती.

परवानगी

खोलीत कुकर ठेवायला वसतिगृहाची मनाई होती. उघडी कॉइल, टोस्टर, तळण्याची यंत्रं यांना अनेक ठिकाणी बंदी असते, आणि आगीच्या दृष्टीने ती योग्यच आहे. तिचा बेत चोरून ठेवण्याचा होता. मी तिला डॉक्टरांचं पत्र घेऊन लेखी अर्ज करायला लावला, कारण चोरून ठेवलेला कुकर ज्या दिवशी जप्त होतो त्या दिवशी जेवण बंद होतं.

असा अर्ज म्हणजे उपकार मागणं नव्हे. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये न्याय विभाग आणि लेस्ली विद्यापीठ यांच्यात समझोता झाला, तो सेलिॲक आणि अन्नाची ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांच्या जेवणाबद्दलच होता. सक्तीच्या जेवणयोजनेतून सूट आणि दूषित होऊ नये म्हणून अन्न ठेवायला, शिजवायला वेगळी जागा, अशा गोष्टी त्यात होत्या. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण "मला वेगळी जागा का लागते" हे कार्यालयाला समजावताना उदाहरण हाताशी असलेलं बरं. तिच्या अर्जाला तीन आठवडे उत्तर आलं नाही, मग अर्धं आलं: खोलीत कुकर नाही, पण मजल्यावरच्या छोट्या पँट्रीत, जिथे फक्त एक सिंक आणि पॉइंट होता, तिथे तिला कुलूप लावायचा कप्पा आणि कुकर लावायची मुभा. प्रत्यक्षात हे खोलीपेक्षा चांगलं निघालं. त्या पँट्रीत कोणी पीठ आणतच नव्हतं.

पुढे

थकवा साधारण महिन्याभरात गेला, तोंड येणं त्याआधीच थांबलं. सहाव्या आठवड्यानंतर केलेल्या तपासणीत टीटीजी मर्यादेच्या थोडी वर होती. आठव्या महिन्यात ती परत नॉर्मलला आली. गाळणी, स्पंज, पळी आणि तवा एकदमच बदलल्यामुळे कोणी किती नुकसान केलं हे वेगळं काढता येत नाही. माझं बोट गाळणीकडे आहे, तिचं स्पंजकडे.

एक अपघात मध्येच झाला. पातेल्याला तिने लाल चिकटपट्टी लावली होती, ती गरम पाण्याने सुटली, आणि एका पाहुणीने त्यात नूडल्स केल्या. पातेलं स्टीलचं असल्याने घासून परत वापरात आलं, एवढाच त्याचा परिणाम. तेव्हापासून ते कप्प्यात कुलपात असतं.

आता तिच्याबरोबरच्या दुसऱ्या एका मुलीला निदान झालंय आणि ती पुढच्या वर्षी दुसऱ्याच देशात जाणार आहे. तिने मला सामानाची यादी पाठवली, पहिल्याच ओळीत राईस कुकर. मी उत्तरात चार वस्तू लिहिल्या: भोकांची स्टीलची गाळणी, सिलिकॉनचं एक उलथनं, पातळ प्लास्टिकची फळी, आणि तळाला चुंबक धरणारं दीड-दोन लिटरचं पातेलं, ज्यात बाकीचं सगळं बसतं. घरचं चुंबक शेवटी आठवलं, म्हणून पाठोपाठ दुसरा निरोप टाकला.

पहिलीचा ॲल्युमिनियमचा कुकर अजून तिच्या पलंगाखाली आहे. शिट्टी काढून ठेवली आहे आणि आत तांदूळ भरले आहेत. रिंग घट्ट बसते, त्यामुळे कीड लागत नाही म्हणते. राईस कुकर परत घरी यायचा आहे, बॅगेत जागा उरली तर.